साठ चौकोन

"अख्खं चित्र कुठाय?" मास्तरांनी विचारलं.

"ते नाही मिळायचं," शिष्य म्हणाला. "रोज सकाळी त्याचे चार चौकोन देईन. तेवढेच मोठे करून बस डेपोच्या भिंतीवर उतरवायचे. साठ झाले की काम संपलं."

मास्तरांनी ओठ वाकडा केला. चाळीस वर्षं त्यांनी या गावात साबणापासून सर्कशीपर्यंत सगळं रंगवलं होतं. आणि त्यांच्याकडेच ब्रश धुवायला शिकलेला हा माणूस आता त्यांना चित्राचे तुकडे वाढत होता! बारा वर्षांपूर्वी त्याने मास्तरांच्या दुकानासमोरच फ्लेक्स छापायचं मशीन लावलं. वर्षभरात मास्तरांकडे पाटी रंगवून घ्यायला कुत्रंही फिरकेना. तेव्हापासून दोघांत बोलणं नव्हतं.

"उघडेपर्यंत गुप्त ठेवायचं, असं समितीने ठरवलंय," शिष्य म्हणाला.

"समितीत कोण?"

"नगराध्यक्ष आहेत."

मास्तर काय ते समजले. याच नगराध्यक्षाने पाच वर्षांपूर्वी सभागृहातलं त्यांचं वीस फुटी भित्तिचित्र एका दुपारीत चुना फासून बुजवलं होतं. का, तर भिंत स्वच्छ दिसावी म्हणून. आता साहेबांना स्वतःचं थोबाड तीन मजली हवं होतं, आणि तेही कोणाच्या हातून!

सरळ नाही म्हणायला हवं होतं. पण बस डेपोची ती भिंत रस्त्याच्या पार टोकावरून दिसायची. सहा वर्षांत मास्तरांनी ब्रश हातात धरला नव्हता, आणि सत्तरी उलटल्यावर अशी भिंत पुन्हा मिळणार नव्हती.

"नाव माझं लागेल?"

"नाव तुमचंच लागणार आहे, मास्तर," शिष्य खाली बघत म्हणाला.

घरी बायकोने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "करा काम. पण त्याच्याशी बोलताना तोंड जरा सरळ ठेवा."

"सरळच आहे माझं तोंड."

"आरशात बघितलंय कधी?"

"जन्मभर दुसऱ्यांची तोंडं रंगवली. माझं बघायला वेळ कुणाला होता?"

भिंतीसमोर उंच परांची बांधून तिला बाहेरून हिरवं कापड लावलेलं होतं. आत मास्तर आणि भिंत, मध्ये हातभर अंतर. शिष्याला उंचीची भीती, तिसऱ्या पायरीवरूनच तो परत उतरायचा. तो खालूनच बादलीत कागद घालायचा आणि मास्तर दोरीने बादली वर ओढून घ्यायचे. मग डावा डोळा मिटून, ब्रश समोर धरून माप घ्यायचे. चाळीस वर्षांच्या सवयीने तो डोळा आता चटकन मिटायचा आणि सावकाश उघडायचा.

भिंतीवरच्या जागेचा आकडा कागदावर असायचा, पण चौकोन क्रमाने येत नसत. पहिल्या दिवशी कान आला. चौथ्या दिवशी बादलीएवढी नाकपुडी.

"हे नाक आहे का वांगं?" मास्तर वरून ओरडले.

"रेघेप्रमाणे काढा, मास्तर."

"रेघेप्रमाणेच काढतोय. तुझ्या साहेबाचं नाक मी कशाला सुधारू?"

नवव्या दिवशी डोळे आले. एका डोळ्याची पापणी दुकानाच्या अर्ध्या शटरसारखी खाली आलेली. मास्तर खो खो हसले. "सभेत झोपा काढून काढून काय अवस्था झालीय बघ!"

शिष्य निमूट आपल्या मशीनकडे निघून गेला. अपमान गिळायची त्याची ही जुनी पद्धत मास्तरांना ठाऊक होती, आणि तिचा त्यांना आणखीच राग यायचा.

पंधराव्या दिवशी शेवटचे चार कागद वर आले. ओठ. आणि ते ओठ हसत होते.

मास्तरांच्या डोक्यात तिडीक गेली. माझं चित्र पुसून वर हसतोय! आणि पुढची वीस वर्षं या रस्त्यावर असाच हसत राहणार, माझ्याच रंगात!

गिऱ्हाइकाची रेघ त्यांनी आजवर कधी हलवली नव्हती. लोकांनी वाकडी चित्रं दिली, तीही त्यांनी तशीच वाकडी काढली होती. त्या दिवशी मात्र हात दहा मिनिटं थांबला. मग त्यांनी कागद चुरगाळून खिशात कोंबले आणि मनानेच काढायला सुरुवात केली. वरचा ओठ पातळ केला, डावा कोपरा खाली ओढला, त्याच्याशेजारी तुच्छतेची एक खोल घडी घातली. आयुष्यभराची मळमळ त्या चार चौकोनांत ओतली. हात इतका सफाईने चालत होता की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. इतका मनापासून ब्रश त्यांनी कितीतरी वर्षांत चालवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी परांची उतरवली आणि सकाळी दहा वाजता कापड खाली आलं. मास्तर भिंतीच्या अगदी पायथ्याशी उभे होते, त्यांना हनुवटीपलीकडे काही दिसेना. टाळ्या वाजल्या. मग त्या एकदम थांबल्या, आणि लोक भिंत सोडून मास्तरांकडे बघू लागले.

कळलं वाटतं सगळ्यांना, मास्तर मनात म्हणाले आणि मान ताठ करून चालू लागले. गर्दीत नगराध्यक्ष उभा होता. रागावायचं सोडून त्याने अदबीने बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

रस्त्यापलीकडे बायको आणि शिष्य शेजारी शेजारी उभे होते. शिष्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काकू, आईशप्पथ, मी ओठ हसरे दिले होते," तो म्हणाला.

"असू दे," बायको भिंतीवरची नजर न काढता म्हणाली. "हेच बरोबर आहेत. चव्वेचाळीस वर्षं मी घरात हेच ओठ बघतेय."