कोयंड्यासकट

कुलपांचा कारखाना बंद पडला तरी गावाची ओळख ‘कुलूपवाल्यांचं गाव’ हीच राहिली. म्हणून कारागिराचा पुतळा घराघरांतली जुनी पितळी कुलपं वितळवून ओतायचा ठरला. कुलपं मागायला गेले तेव्हा मामीने मला दारातूनच झापलं, “पुतळा काय पाणी भरणार आहे?” तिचं ऐकून सगळ्या गल्लीने हात आखडला. आज मात्र तिनेच चौकात येऊन टोपलीत कुलूप टाकलं. ते बंदच होतं, त्यात कापलेला कोयंडा लटकत होता. मी ओळखलं. भांडून घर सोडताना मामेभावाने हेच आपल्या खोलीला लावून किल्ली नेली होती. “तुझ्या मामांच्या हातचं,” मामी म्हणाली. “लोहार घामाघूम झाला, पण तुटेना. शेवटी कोयंडाच कापला.” शेजारीण हळहळली, “आणि पोरगा किल्ली घेऊन आला तर?” मामीने हात झटकले. “त्याला किल्ली कशाला लागेल? दार उघडंच आहे.”