शिळेची वरची बाजू

"कोणी उलटी केली ही?"

प्राध्यापक मुराकोशींचा आवाज संग्रहालयाच्या दालनात घुमला. समोर पुरुषभर उंचीची वालुकाश्माची शिळा उभी होती. दीड कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळात कुठल्याशा किड्याने खणलेली बिळं तिच्यात दगड होऊन राहिली होती. प्रत्येक बिळाचं एक टोक फुगीर. ते टोक म्हणजे बिळाचं तोंड, म्हणून ते वर, असं मुराकोशी चाळीस वर्षं शिकवत आले होते. आज सगळी फुगीर टोकं खाली होती. पाटीवरून त्यांचं नावही गेलं होतं.

"सर, आधी चहा घ्या ना." तरुण अधिकारी कुरिबायाशी कमरेत वाकला.

"चहा ओत त्या गटारात! उद्या शाळेची मुलं येणार. त्यांना माझं आख्खं आयुष्य उलटं टांगून दाखवणार का?"

"अहो, रक्तदाब," मागून चिएको म्हणाली. नवऱ्याच्या गोळ्या आणि डब्याची पिशवी तिच्या हातात होती.

"तू बस गं तिकडे."

ती बसली नाही.

"सर, आमच्याकडे एक अर्ज आला," कुरिबायाशी हळूच म्हणाला. "सोबत पेन्सिलने काढलेलं चित्र होतं. शिळा कड्यातून कापली त्याच दिवशीचं, कापण्याआधीचं. त्यात फुगीर टोक खाली आहे. आम्ही कड्यावर जाऊन आलो. गेल्या वादळात तिथला थर उघडा पडलाय, त्यातही खालीच आहे. ते तोंड नाही, सर. किड्याची राहायची खोली आहे."

त्याने चित्राची प्रत पुढे केली. नावाच्या जागी कागदाची पट्टी चिकटवलेली होती.

मुराकोशींनी ती खसकन ओढली. "ह्याला चित्र म्हणतोस? रेघ बघ, कशी लटपटतेय! कुण्या शिकाऊने घरी बसून खरडलंय. माझ्या पुस्तकातली चित्रं पाहिलीस? आमची ही काढायची ती, शाईने, मी सांगेन तशी. एक रेघ हलायची नाही."

"पाहिलीत, सर. सुंदर आहेत."

"मग? शिळा कापली त्या दिवशी मी खानावळीच्या माडीवर तापाने फणफणलो होतो. नाहीतर हा घोळ झालाच नसता. कड्यावर होते पाथरवट. ते काय चित्रं काढतात?"

"पाऊस होता त्या दिवशी," चिएको म्हणाली.

"ऐक! भर पावसात चित्र काढत कोण बसतंय?" मुराकोशींनी कागद चुरगळून कुरिबायाशीच्या पायाशी फेकला. "नाव सांग त्याचं."

"सांगता येत नाही, सर. नियम आहे."

"नियम! चाळीस वर्षं दातखीळ बसली होती, आणि आता मी म्हातारा झालो तेव्हा पाठीत सुरा! भेकड लेकाचा. माझं मीठ खाल्लेलाच कुणीतरी असणार. मला नाव नको, काही नको. हिंमत असेल तर समोर येऊन उभा राहा म्हणावं. इथे, असा, माझ्या डोळ्यांसमोर!"

कुरिबायाशीने मान खाली घातली.

चिएकोने हातातली पिशवी बाकावर ठेवली, आणि ती येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली.