बुडालेल्या बोटीचं पाकीट

ताईचं लग्न झालं त्या वर्षी बाळ्याने बोटींची पाकिटं जमवायला घेतली. युद्धात शत्रूने बंदर कोंडलं होतं, तेव्हा दिवे मालवून वेढ्यातून निसटलेल्या बोटींनी आणलेली टपालाची पाकिटं. तिकिटांचा नाद तर त्याहून जुना. चार वर्षांचा असल्यापासून परातीत पाणी घेऊन जुन्या पाकिटांवरची तिकिटं सोडवत बसायचा. "हा मोठेपणी धोबी होणार," आई म्हणायची.

आता बहीणभावांचे केस पांढरे झाले, तरी अल्बम उघडला की खोलीत समुद्र शिरायचा. भिंती हळूहळू डोलायला लागायच्या. धुक्यातून एक काळी बोट आवाज न करता जवळ येत राहायची. किनाऱ्याला मात्र कधी लागायची नाही.

त्या बोटीवर बाबा असायचे.

बाबा अशाच एका बोटीच्या भट्टीत कोळसा घालायचे. त्यांचं शेवटचं पाकीट आईच्या हाती आलं तेव्हा त्यावरचं तिकीट धुऊन गेलेलं होतं, आतली शाई फुटलेली. बुडालेल्या बोटींचं, पाण्यातून काढलेलं टपाल असंच यायचं, हे बंदरावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. आई रडलीसुद्धा नाही. दोन्ही पोरांना घेऊन तिने गाव सोडलं. कुणाकडे पत्ता ठेवला नाही, पुन्हा तिकडे फिरकली नाही.

बोट कुठे बुडाली, एवढंच ताईला कळायला हवं होतं.

"डोळे मिटायच्या आत एकदा त्या पाण्यावर ने रे, बाळ्या. त्यांना सांगायचंय, आम्ही बरे आहोत म्हणून."

म्हणून आज त्याने जुन्या टपालाच्या दुकानदाराला घरी बोलावलं होतं. दुकानदाराने पाकीट उजेडात धरलं. अर्धा गोल शिक्का निरखला. मग कोपऱ्याला हळूच जीभ लावली.

"अहो, चहा टाकलाय की," ताई म्हणाली. "कागद कशाला खाताय?"

दुकानदार हसला नाही. "समुद्रात भिजलेला कागद कितीही वर्षांनी खारट लागतो. हा गोड्या पाण्यात भिजलाय."

"असं कसं होईल? पोस्टमन खिडकीतून टाकून गेला होता. आई कामावर, मी शाळेत. घरात हा एकटा, एवढासा..."

ताईने वळून भावाकडे पाहिलं.

त्याने अल्बमचं पहिलं पान उघडलं. तिथे त्याचं सगळ्यात पहिलं तिकीट होतं, निळं, त्यावर अर्धा शिक्का. कुठून आलं ते त्याला कधीच आठवलं नव्हतं. त्याने ते अलगद काढून पाकिटाच्या कोऱ्या कोपऱ्यावर ठेवलं.

गोल पुरा झाला.

युद्ध संपल्यावर बाबा त्याच बोटीने परत आले, आणि जुन्या घराच्या समोर एक खोली घेऊन बायकापोरांची वाट बघत राहिले. ताईचं लग्न झालं त्या वर्षी ते वारले.