परेशशेठचा माफीनामा

मुरुडच्या रिसॉर्टचे मालक परेशशेठ स्टाफच्या ग्रुपवर इंग्रजीत लिहायचे, तेही सगळं कॅपिटलमध्ये. "शेठ, असं लिहिलं की ओरडल्यासारखं वाटतं," रिसेप्शनवरची कल्पिता एकदा म्हणाली. "मग ओरडतोच हाय मी!" शेठ खेकसले.

पुढे तिचे वडील इस्पितळात होते, तेव्हा तिने रजा मागितली. ग्रुपवर सगळ्यांदेखत तीच मोठाली अक्षरं आदळली: बाप तुझा आजारी आहे, माझं रिसॉर्ट नाही. कल्पिताने दातओठ खाल्ले आणि राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी शेठनी तिला इंग्रजीत, या वेळी मात्र साध्या लहान अक्षरांत टाइप केलेला एक माफीनामा मेलने पाठवायला दिला. दर हिवाळ्यात अख्खं रिसॉर्ट घेणारी मुंबईची कंपनी त्यांच्या उद्धटपणाला वैतागली होती. "जरा नीटनेटका करून धाड," ते म्हणाले. कल्पिताने सगळा मजकूर सिलेक्ट केला, दोन बटणं दाबली आणि पाठवून दिला.

जेवणाआधीच उत्तर आलं: "ही माफी आहे की दमदाटी? आमचं बुकिंग रद्द करा."

"काय लिहिलंस गो तू?" शेठ अंगावर धावले.



"शब्द सगळे तुमचेच हायत, शेठ. मी फक्त कॅपिटल करून त्यांना तुमचा आवाज दिला."