पाचवं वाक्य

इंग्रजीच्या बाईंनी भविष्यकाळ शिकवून 'उद्या'वर पाच वाक्यं लिहायला सांगितली होती. दुपारी वह्या तपासताना त्यांचं लाल पेन अडखळलं. चाळीसच्या चाळीस वह्यांत पाचवं वाक्य एकच होतं: उद्या बाई येणार नाहीत.

एरवी क्रियापदांची पार वाट लावणाऱ्या मुलीचंही ते बिनचूक होतं. बाईंनी तिलाच बोलावलं.

"कुणाचं बघून लिहिलंस गं?"

"तुम्हीच फळ्यावर दिलंत की बाई, सकाळी पहिल्या तासाला."

पहिल्या तासाला तर बाई दाताच्या डॉक्टरांकडे तोंड वासून बसल्या होत्या.

"मीच होते? नक्की?"

मुलगी रडवेली झाली.

"हो. पण 'दुपारी मी विचारलं तर सांगू नकोस,' असं तुम्हीच म्हणाला होतात."