पांढरा, निळा की गेरू

«बाप्पा! हे काय होऊन राहिलं?»

वामनराव देवघराच्या भिंतीसमोर उभे राहिले ते उभेच. काल संध्याकाळी देवीदास रंगाऱ्यानं तिथं पांढराशुभ्र चुना मारला होता. आज सकाळी त्या चुन्यावर दोन हात उमटले होते. लालभडक, पाचही बोटं पसरलेले. शनिवारी गिऱ्हाईक यायचं, आणि बुधवार तर उजाडलाच होता.

गिऱ्हाईक म्हणजे धामणगावच्या कापसाच्या जिनातले मुनीम केशवराव. ते बायकोला घेऊन येणार होते. पुरुष कागद पाहतो आणि बाई भिंती पाहते, असं वामनरावांचं पक्कं मत. गोवर्धन, त्यांचा एकुलता एक, अकोल्याच्या कचेरीत कारकून लागला होता. राजापेठेतलं घर आणि मागचा शेवंतीचा मळा विकून इकडंच या, असं त्याचं पत्र आलं, आणि तेव्हापासून वामनरावांच्या पायाला जी भिंगरी लागली ती थांबेना. बसले की उठायचे, उठले की भिंतींना हात लावत घरभर फिरायचे. जेवतानासुद्धा त्यांचं लक्ष ताटात नसे, भिंतीकडं असे.

बायकोला, माणिकबाईला, तर त्यांनी आठवडाभर भंडावून सोडलं होतं. «पांढरा बरा का निळा? पिवडी मारली तं कशी दिसंन वं?» माणिकबाई कणीक मळत म्हणायची, «तुमाले आवडंन थो.» फार वर्षांमागं विहिरीच्या रहाटात सापडून तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी झाली होती. मळताना ती कणकीच्या बाहेरच राहायची. तिचं उत्तर येईपर्यंत वामनराव दुसऱ्या रंगावर गेलेले असायचे.

देवीदास आला, त्यानं भिंत पाहिली आणि डोकं खाजवलं.

«काकाजी, इथं कधी हळदीचे हात मारले होते काय?»

मारले होते की! तीस वर्षांमागं नवी नवरी माणिकबाई उंबरठा ओलांडून आली, तेव्हा वामनरावांच्या आईनं तिचे दोन्ही तळवे हळदीत भिजवून याच भिंतीवर उमटवले होते. पुढं दर दिवाळीला त्यावर चुना चढत गेला.

«मंग थेच वर येऊन राहिले,» देवीदास म्हणाला. «हळदीले चुना लागला का लाल होते. आपण घरी कुंकू तसंच तं बनवतो.»

वामनरावांच्या अंगावर काटाच आला. «आयकलं काय वं? घर सोडत नाई आपल्याले!»

«असंन,» म्हणाली माणिकबाई, आणि घागर घेऊन विहिरीवर गेली.

देवीदासानं चुन्यात नीळ कालवून दोन हात दिले. भिंत झकास दिसू लागली. वामनरावांनी देवापुढं नारळ फोडला, वर मुनिमाच्या बायकोला निळा रंग आवडू दे म्हणून हातही जोडले. गुरुवारी सकाळी आंघोळ करून पाहतात तर निळ्यावर पुन्हा दोन लाल हात! आता मात्र त्यांचा धीर सुटला. असल्या भिंतीचं घर कोण घेईल? बाई दारातूनच परत फिरेल आणि धामणगावभर सांगत सुटेल.

«गेरू मारू, काकाजी,» देवीदास म्हणाला. «लालावर लाल कोणाले दिसते? डिप्टी कमिशनरसायबाच्या बंगल्याले गेरूच हाये.»

«मार बाप्पा! आत्ताच मार!»

देवीदास गेरूची बादली आणायला अंगणात गेला. माणिकबाई भरली घागर घेऊन दारात आली होती. आठ दिवसांत पहिल्यांदा ती रंगाबद्दल बोलली.

«गेरू नोका मारू.»

«काहून?»

वामनराव चिडले. «आठ दिवस इचारून इचारून थकलो, तं तोंडाले कुलूप! अन् आता सांगते?» गेरू कुठवर मारायचा ते ठरवावं म्हणून त्यांनी तणतणत भिंतीवर हात टेकवला. तो नेमका त्या उजव्या ठशावर पडला. बोटांवर बोटं बसली. करंगळी तेवढी बसेना. ठशातली करंगळी बाहेर वळली होती.

वामनराव पाहत राहिले. नव्या नवरीची करंगळी शेंगेसारखी सरळ होती. रहाटात बोट सापडलं तेव्हा गोवर्धन शाळेत जात होता. हे हात तीस वर्षांचे नव्हतेच. हे आज सकाळचे होते.

«सडा टाकाच्या येळी करते काय तू हे?» त्यांनी हळूच विचारलं.

माणिकबाईनं घागर खाली ठेवली. «रंग कोणता लावू, हे तुमी मले पन्नास डाव इचारलं. घर इकू काय, हे एक डाव तरी इचारलं काय?»

वामनरावांना गोवर्धनाच्या अकोल्यातल्या दोन खोल्या आठवल्या. गेल्या महिन्यात पाहून आले होते. अंगण नाही, विहीर नाही, मूठभर मेथी टाकायला जागा नाही. तिथून परतताना गाडीत त्यांना रडू आलं होतं. ते त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. ते मटकन उंबरठ्यावर बसले. किती दिवसांनी ते असे एका जागी बसले होते!

अंगणातून देवीदासानं हाक मारली, «काकाजी, गेरू कालवू ना?»

«नोको बा. पांढराच मार,» वामनराव ओरडले. «अन् भिंत वली हाये तवरच मले आवाज दे.»

मग त्यांनी आपला उजवा तळवा माणिकबाईपुढं धरला.

«हळद कुठं लपवली वं?»