तिन्हीसांजेचा भास

तिन्हीसांजेला फाटकाबाहेर कुणीतरी उभं असतं, असं काकूंना चार वर्षं वाटत होतं. काकांनी धाकट्या मुलाला घराबाहेर काढलं, तेव्हापासूनच. "भास होतात तुला," म्हणत काका खिडकी लावून घ्यायचे.

आज वायफायवाला नवा ॲक्सेस पॉइंट बसवून दोन वेगळे व्हीलॅन, म्हणजे वायफायची स्वतंत्र जाळी, करत होता, एक घरच्यांसाठी आणि एक पाहुण्यांसाठी. जुन्या राउटरची यादी चाळताना तो थबकला.

"काका, हा 'धाकटू' नावाचा फोन कोणाचा? रोज तिन्हीसांजेला दहा मिनिटं जोडलेला दिसतोय. सिग्नल अगदी क्षीण, म्हणजे फाटकाबाहेरूनच. बंद करू, की पाहुण्यांत टाकू?"

काकांनी त्या बंद खिडकीकडे पाहिलं.



"घरच्यांत टाक."